आईला देवाचे नाव आठवत नाही. देव अजून तिच्यात राहतो का?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: मी ५४ वर्षांची असून नाशिकला शरणपूर रोडच्या परिसरात आईबरोबर राहते. माझा भाऊ दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग पाहतो. आई ८१ वर्षांची आहे. तिने तीसहून अधिक वर्षे मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) शब्बाथशाळेत मुलांना शिकवले. चार वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाचा आजार जडला आणि आता ती मलाही ओळखत नाही. गेल्या महिन्यात रात्रीच्या प्रार्थनेत मी ‘प्रभू येशू’ म्हणताच तिने विचारले, “हे कोण? आपल्या गावचे का?” त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आमच्या प्रार्थनागटातील एक तरुण बंधू सांगतात की, विश्वासणाऱ्यात राहतो तो फक्त पवित्र आत्मा. पिता आणि पुत्र स्वर्गात आहेत. शिवाय ज्याच्यात आत्मा आहे तो अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने स्वतः न शिकलेल्या भाषांत, बोलतो, निदान त्याला तसे जाणवते तरी. मला तर दोन-तीन वर्षे प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. शेजारच्या काकू वारकरी आहेत. त्या म्हणतात, “देव सगळ्यांच्याच देहात असतो, त्यात तुमचं वेगळं काय?” माझ्यात नेमके कोण राहते आणि आईत आता कोणी राहते का, हे मला सरळ सांगा.

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी ते दोन वेळा वाचले, पण उत्तर लिहायला आठवडा घेतला. या प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर नुसते सांत्वन होऊन बसते आणि तुम्ही तर सरळ उत्तर मागितले आहे. सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण त्याचे उत्तर कळेपर्यंत बाकीच्या मजकुरात तुमचे लक्ष लागणार नाही. होय, तुमच्या आईच्या ठायी देव आजही राहतो, आणि जो राहतो तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा संपूर्ण त्रैएक देव आहे. हे कशाच्या आधारावर म्हणतो, ते आता सविस्तर लिहितो.

आधार प्रभूच्या स्वतःच्या शब्दांत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडा. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचे हे बोलणे आहे. भोजन झाले आहे, यहूदा इस्कर्योत उठून अंधारात निघून गेला आहे, आणि गुरू जाण्याची भाषा करीत असल्यामुळे उरलेल्या अकरा जणांच्या पोटात गोळा आला आहे. अशा वेळी प्रभू त्यांना प्रथम दुसऱ्या कैवाऱ्याचे, म्हणजे सत्याच्या आत्म्याचे, अभिवचन देतात आणि, सतराव्या वचनात, तो तुमच्यामध्ये राहील असे सांगतात. थोडे पुढे, विसाव्या वचनात, मी स्वतः तुमच्यामध्ये आहे हे तुम्हांला कळेल असे म्हणतात. मग दुसरा यहूदा, जो इस्कर्योत नव्हे, तो विचारतो की, प्रभुजी, आपण आम्हांला प्रकट होणार आणि जगाला नाही, हे कसे? त्याला मिळालेल्या उत्तरात, तेविसाव्या वचनात, पिताही येतो. जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्यावर माझा पिता प्रीती करील, आणि “आम्ही त्याच्याकडे येऊन त्याच्याबरोबर वस्ती करू.” एकाच संध्याकाळी, एकाच अध्यायात, आत्मा, पुत्र आणि पिता या तिघांच्या राहण्याविषयी प्रभू बोलले आहेत. तेव्हा तुमच्या प्रार्थनागटातील बंधूंनी सतरावे वचन बरोबर वाचले, पण ते तेविसाव्यापर्यंत पोहोचले नाहीत, एवढेच मी म्हणेन.

‘वस्ती’ या शब्दापाशी थोडे थांबू या. आपल्या बोलण्यात त्याला दोन छटा आहेत. संध्याकाळी गावात येऊन पहाटे परत निघणारी एसटी ही वस्तीची गाडी. तिथे वस्ती म्हणजे एका रात्रीचा मुक्काम. तुमच्या दिंडोरीकडे एखादे कुटुंब गावठाणातले घर सोडून शेतात जाते, विहीर खणते, गोठा बांधते, अंगणात तुळशीची किंवा मोगऱ्याची रोपे लावते आणि पुढच्या पिढ्या तिथेच वाढतात. त्यालाही मळ्यात वस्ती केली असेच म्हणतात. प्रभूच्या अभिवचनातली वस्ती ही दुसऱ्या प्रकारची आहे. मूळ ग्रीक शब्द ‘मोने’ हा टिकून राहणे, मुक्काम न हलवणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. संपूर्ण नव्या करारात तो फक्त दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा याच अध्यायात. पहिल्यांदा दुसऱ्या वचनात, जिथे प्रभू म्हणतात की माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. दुसऱ्यांदा तेविसाव्या वचनात. पित्याच्या घरी आपल्याला जी कायमची जागा मिळणार आहे, तिच्यासाठी वापरलेलाच शब्द, तो आपल्यात जी जागा करतो तिच्यासाठी वापरला आहे. माझ्या आयुष्यातली पुष्कळ वर्षे प्रवचने करण्यात गेली, तरी हे साम्य मला उशिरा दिसले, आणि दिसले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

त्याच वाक्यातला ‘आम्ही’ हा शब्दही मराठी माणसाने लक्ष देऊन वाचावा असा आहे. आपल्या भाषेत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे. ग्रीकमध्ये तो नाही. त्यामुळे मराठी भाषांतरात निवड करणे भाग होते आणि ती योग्य झाली आहे. ‘आम्ही येऊ’ म्हणजे पिता आणि पुत्र येतील. ज्याच्याकडे ते येतात तो या ‘आम्ही’त धरलेला नाही. राहणारा वेगळा आणि घर वेगळे. काकूंच्या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे, तेव्हा हा शब्द उपयोगी पडेल.

मग पवित्र शास्त्र आत्म्याच्याच राहण्याविषयी अधिक का बोलते, हा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. याचे उत्तर मंडळीने फार पूर्वी शोधले. सन ३२५ मध्ये नायसिया येथील सभेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले, आणि ३८१ मध्ये कॉन्स्टंटिनोपल येथील सभेने पवित्र आत्म्याला प्रभू आणि जीवनदाता म्हणून कबूल केले. एकदा हे मान्य केले की देवाचे तीन भाग करता येत नाहीत. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी यातूनच निघणारी गोष्ट स्पष्ट केली. सृष्टीत आणि आपल्या ठायी देव जे काही करतो ते पिता, पुत्र व आत्मा मिळून अविभक्तपणे करतात. एक जण आला आणि दोघे दाराबाहेर थांबले, असे होऊच शकत नाही. आत्म्याचे नाव विशेषेकरून घेतले जाते याचे कारण प्रीती, पवित्रता आणि आपल्याला देवाशी जोडून घेणे ही कार्ये शास्त्रात त्याच्या नावे सांगितली आहेत. पोप लिओ तेरावे यांनी १८९७ च्या परिपत्रकात याच वचनाचा हवाला देऊन हेच लिहिले की, अंतर्वास संपूर्ण त्रैक्याचा असतो, पण तो विशेषतः पवित्र आत्म्याकडे निर्दिष्ट केला जातो. प्रोटेस्टंटांमध्ये सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनी आत्म्याला ख्रिस्ताशी आपल्याला बांधणारे बंधन म्हटले. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाणारा आणि शरणपूरच्या जुन्या चर्चमध्ये उपासनेला बसणारा, असे दोघेही या बाबतीत एकाच ठिकाणी उभे आहेत. मंडळ्यांमध्ये मतभेद पुष्कळ असले तरी हा त्यांपैकी नाही.

ख्रिस्त देहासह स्वर्गात गेला, पित्याच्या उजवीकडे बसला आहे, मग तो माझ्यात कसा, हेही त्या बंधूंच्या मनात असावे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील ९ ते ११ ही तीन वचने सावकाश वाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल आधी म्हणतो देवाचा आत्मा तुमच्यामध्ये वास करतो; लगेच त्यालाच ख्रिस्ताचा आत्मा म्हणतो; पुढच्या वचनात सरळ, ख्रिस्त तुमच्यामध्ये आहे; आणि त्याच्या पुढच्यात, ज्याने येशूला मेलेल्यांतून उठवले त्याचा, म्हणजे पित्याचा, आत्मा. चार प्रकारे बोलून तो एकच गोष्ट सांगतो आहे. ख्रिस्ताचे मानवी शरीर आपल्या छातीत मावत नाही आणि तसे कोणी शिकवलेलेही नाही. तो आपल्यात राहतो तो आत्म्याच्या द्वारे, आणि तरीही राहतो तो स्वतःच. इफिसकरांस लिहिताना पौल पित्यापुढे गुडघे टेकतो, आत्म्याच्या द्वारे अंतर्यामी बळ मागतो, आणि ते कशासाठी, तर विश्वासाच्या द्वारे ख्रिस्ताने तुमच्या अंतःकरणात वस्ती करावी यासाठी. त्या एका प्रार्थनेत तिघेही आहेत.

आता जाणवण्याविषयी. अन्य भाषा हे आत्म्याचे एक दान आहे, पण ‘सर्वच अन्य भाषा बोलतात काय?’ असे पौलाने करिंथकरांना विचारले ते ‘नाही’ हे उत्तर गृहीत धरूनच. त्याच अध्यायाच्या आरंभी तो म्हणतो की, येशू प्रभू आहे असे पवित्र आत्म्याच्या द्वारे असल्याशिवाय कोणालाही म्हणता येत नाही. आणि ज्या मंडळीला हे लिहिले ती कशी होती? तिच्यात तट पडले होते, एकमेकांना कोर्टात खेचले जात होते, प्रभुभोजनाच्या वेळी एक जण उपाशी तर दुसरा मस्त झालेला असे. अशांना पौल म्हणतो, तुम्ही देवाचे मंदिर आहा आणि देवाचा आत्मा तुमच्यामध्ये वास करतो, हे तुम्हांला ठाऊक नाही काय? ‘जाणवत नाही काय’ असे तो विचारत नाही. ठाऊक असणे आणि जाणवणे यांतला फरक तुम्ही चार वर्षे रात्रंदिवस आईजवळ राहून शिकला आहात. ती तुमची आई आहे हे तुम्हांला ठाऊक आहे, मग तिने तुम्हांला ओळखले नाही त्या दिवशीही.

मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की, रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसांना उचलून आणणाऱ्या या स्त्रीला जवळजवळ पन्नास वर्षे प्रार्थनेत देवाचे सान्निध्य असे जाणवतच नव्हते. त्या काळात तिच्यात देव राहत नव्हता असे म्हणण्याचे धाडस तुमच्या गटातील कोणी करील असे मला वाटत नाही. तुमचा कोरडेपणा हा पापाचा पुरावा मानू नका. चार वर्षांची तुटक झोप, नोकरी आणि घर सांभाळताना झालेली ओढाताण, जिवंत आईचे रोज थोडे थोडे दुःख करणे, यांनी माणसाच्या मनाची ओल आटते. त्यासाठी डॉक्टरांशी बोलणे यात अविश्वास नाही. बोला, आणि लवकर बोला.

काकूंच्या प्रश्नाला मी आदराने उत्तर देईन आणि तुम्हीही तसेच द्यावे. आपल्याच प्रांतात नारायण वामन टिळकांसारखा कवी होऊन गेला, ज्यांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले. तो पूल मोडून टाकण्याचे आपल्याला काही कारण नाही. देव सर्वत्र आहे, त्याच्यावाचून रिकामी अशी जागा नाही, हे आपणही मानतो. स्तोत्रकर्ता विचारतो की, तुझ्यापासून पळून मी कोठे जाऊ? फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’ची पहिलीच ओवी देवाला ‘विश्वभरिता’ म्हणून हाक मारते आणि त्याच दमात ‘देवा बापा’ म्हणते. फरक नेमका या दुसऱ्या हाकेत आहे. विश्व भरून राहिलेला देव सर्वांच्या जवळ आहे; पण ख्रिस्ताच्या ठायी तो आपल्याला मुले करून घेऊन, आपल्या घरी बाप म्हणून, भाऊ म्हणून आणि कैवारी म्हणून राहायला येतो, आणि आपल्या तोंडून ‘अब्बा, बापा’ ही हाक निघते ती पुत्राच्याच आत्म्याने, असे गलतीकरांस पत्रात लिहिले आहे. दुसरा फरक त्या ‘आम्ही’चा. आपला आत्माच मुळात देव आहे, असे आपण म्हणत नाही. घराला घरधनी मिळाला म्हणून घर घरधनी होत नाही. काकूंशी वाद घालू नका. त्या तुमच्या आईची विचारपूस करतात एवढ्यावरून त्या मला चांगल्या शेजारीण वाटतात.

पौलाच्या ‘मंदिर’ या शब्दाविषयी मला आणखी थोडे लिहायचे आहे, आणि ते मी नाशिककर म्हणून लिहितो. ग्रीकमध्ये मंदिराच्या सबंध आवाराला एक शब्द आहे आणि आतल्या पवित्रस्थानाला दुसरा. पौलाने दुसरा वापरला आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, तुम्ही सभामंडप आहात असे त्याने म्हटले नाही. तुम्ही गाभारा आहात असे म्हटले. यरुशलेमच्या मंदिरात अगदी आत, परमपवित्रस्थानात, फक्त प्रमुख याजकाने वर्षातून एकदा जायचे. बाकीच्यांसाठी ते बंद. करिंथच्या मंडळीत गुलामही होते, हे त्याच पत्राच्या सातव्या अध्यायावरून कळते. ज्या माणसाला मालकाच्या बैठकीतही बसायची परवानगी नव्हती, त्याला पत्र वाचून दाखवताना कोणीतरी म्हणाले असेल की, तू गाभारा आहेस. २ मार्च १९३० रोजी आपल्याच शहरात काळाराम मंदिराच्या दारांपुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष उभे होते आणि दारे बंद होती. तो सत्याग्रह होता तो माणूस म्हणून समान हक्कासाठी, आणि त्याचे स्वतःचे मोल आहे. त्याला मी ख्रिस्ती अर्थ चिकटवत नाही. पण आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घराण्यांचे पूर्वज अशाच बंद दारांबाहेरच्या वस्त्यांतून आले. ज्यांना आत घेतले जात नव्हते त्यांच्या आत देव राहायला आला, हे त्यांनी ऐकले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

आणि गाभाऱ्याला काही आठवावे लागत नाही. तिथे जो आहे त्याच्यामुळे तो गाभारा असतो.

मग देव निघून जाऊ शकतो का? दाविदाने ५१ व्या स्तोत्रात रडून विनवले की तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नको. या प्रश्नावर मंडळ्यांचे शिक्षण सारखे नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅथलिक शिक्षणानुसार जाणूनबुजून, पूर्ण संमतीने केलेल्या गंभीर पापाने माणूस ही कृपा गमावतो आणि पश्चात्तापाने ती परत मिळते. कॅल्व्हिन यांच्या मार्गाने चालणारी सुधारणावादी (रिफॉर्म्ड) परंपरा म्हणते की आत्मा खिन्न होतो, पण ज्यांच्यावर त्याने मुक्तीच्या दिवसापर्यंत शिक्का मारला आहे त्यांना तो सोडत नाही. पण दोन्हींकडे पाहा: एकीकडे जाण आणि संमती लागते, दुसरीकडे शिक्का टिकतो. मेंदूच्या पेशी झडल्यामुळे ज्या बाईला प्रभूचे नाव ओळखू येत नाही, तिने प्रभूला नाकारले असे कोणतीही परंपरा म्हणत नाही. विसरणे आणि सोडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि तुमच्या आईने यातली दुसरी कधीच केली नाही.

यशयाच्या ४९ व्या अध्यायात देव विचारतो की, स्त्रीला आपल्या तान्ह्या बाळाचा विसर पडेल काय? आपण सगळे हे वचन लहानपणी पाठ करतो आणि मनात ‘नाही’ असे उत्तर देतो. पण देव तसे उत्तर देत नाही. तो म्हणतो, कदाचित त्यांना विसर पडेल. तुमच्या घरात काय घडणार आहे ते त्याने जणू आधीच पाहिले होते: एक आई, तिला न ओळखू येणारे तिचे लेकरू. हे होऊ शकते, असे मान्य करून मग तो पुढचे वाक्य उच्चारतो, की मी तुला विसरणार नाही. हे वचन तुमच्या आईला लागू आहे आणि त्याच वेळी तुम्हांलाही, कारण त्या घरात विसरले गेलेले लेकरू तुम्ही आहात.

तिच्या प्रार्थनेचे काय, असेही तुमच्या मनात येत असेल. रोमकरांस पत्राच्या त्याच आठव्या अध्यायात पुढे लिहिले आहे की आपण योग्य प्रकारे प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, पण आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, आणि अंतर्यामे शोधणाऱ्या पित्याला त्याचे मन कळते. शब्द गेलेल्या माणसाच्या आत प्रार्थना चालू असते, आणि ती करणारा देव, ऐकणारा देव. तुमच्या भावाला विचारा, एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर बाग कशी दिसते. ओळीच्या ओळी नुसत्या काड्या. पण पुढच्या हंगामाचा घड त्यानंतरच्या काही आठवड्यांत, नव्या काडीच्या डोळ्यांच्या आत तयार होत असतो, आणि तो इतका बारीक की ऑक्टोबर छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासावे लागतात. उघड्या डोळ्यांनी बागेत उभा राहिलेला माणूस काहीच सांगू शकत नाही. ‘मी द्राक्षवेल, तुम्ही फाटे, माझ्यामध्ये राहा’ हे बोलणे योहानात वस्तीच्या त्या वचनानंतर लगेच, पुढच्याच अध्यायात येते, आणि तिथे माळी पिता आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. मी पाळक असताना मंडळीतील एका वृद्ध गृहस्थांना हाच आजार झाला. सुरुवातीला मी दर पंधरवड्याला जात असे. जाऊन बसायचो, तेविसावे स्तोत्र म्हणायचो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचो, की आता ओठ हलतील, आता डोळ्यांत काही दिसेल. तसे काहीही कधी झाले नाही. ते भिंतीकडे पाहत असत. हळूहळू मी जाणे कमी केले आणि मग थांबवले. आपल्या जाण्याने त्यांना काही कळत नाही, असे मी स्वतःला समजावले. पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी त्यांना वाटीतून साबुदाण्याची कांजी भरवत होत्या. हनुवटीवर ओघळलेली कांजी पदराने पुसत, माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, “त्यांना कळत नाही, साहेब. मला कळतं ना.” मी खूण शोधत होतो, आणि खूण मिळाली नाही म्हणून गाभारा रिकामा समजून परत फिरलो होतो. त्या बाईंची मी क्षमा मागितली, आणि त्यांच्या यजमानांच्या शेवटापर्यंत दर पंधरवड्याला जात राहिलो. ते शेवटपर्यंत भिंतीकडेच पाहत होते.

हे सांगण्याचे कारण पौलाच्या त्या वाक्यात आहे. ‘तुम्ही देवाचे मंदिर आहा’ यातला ‘तुम्ही’ मराठीत आदरार्थी एकवचनही असू शकतो, म्हणून आपण तो एकेकट्याने वाचतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र तो निःसंशय अनेकवचनी आहे. सगळे मिळून एक मंदिर. तुमच्या आईला जे आठवत नाही ते मंडळीने तिच्या वतीने आठवायचे असते, आणि चार वर्षे हे काम तुम्ही एकट्या करीत आला आहात. हे बदलायला हवे. पाळकांना स्पष्ट सांगा की महिन्यातून एकदा प्रभुभोजन घरी आणावे. तिला गिळता येत असेल तर भाकरीचा अगदी लहान, द्राक्षरसात भिजवलेला तुकडा पुरे. तिला काही कळेल की नाही, याची अट यासाठी घालू नका. तिने शब्बाथशाळेत ज्यांना शिकवले त्या मुलांनाही सगळे कळतच होते असे नाही.

रात्रीच्या प्रार्थनेत तिची परीक्षा घेऊ नका. ‘आई, सांग बरं हे कोण?’ असे विचारणे बंद करा. त्याने ती गोंधळते आणि तुम्ही खचता. तिने “हे कोण? आपल्या गावचे का?” असे पुन्हा विचारले, तर “हो, आपल्याच घरी राहतात” एवढे सांगा. ते अक्षरशः खरे आहे. प्रार्थना लहान ठेवा, रोज तीच, तिचा हात हातात घेऊन: पित्याचे नाव घ्या, पुत्राचे घ्या, आत्म्याचे घ्या, आणि प्रत्येक नावापाशी थोडे थांबा. तुम्हांला काही जाणवले नाही तरी चालेल. इफिसकरांस पत्रात म्हटले आहे की पुत्राच्या द्वारे, एका आत्म्याने, आपला पित्याजवळ प्रवेश होतो. तो प्रवेश तुमच्या भावनेवर टांगलेला नाही.

त्या तरुण बंधूंना योहानाचा चौदावा अध्याय गटात मोठ्याने, एका बैठकीत, सगळ्यांसमोर वाचायला सांगा. वाद घालू नका, वाचू द्या.

आणि एक काम याच आठवड्यात करा. आईच्या वर्गात शिकलेल्या, आता चाळिशी-पन्नाशीत असलेल्या दोघी-तिघी तुमच्या मंडळीत नक्की असतील. त्यांना निरोप पाठवा की रविवारी उपासनेनंतर घरी या, आणि बाईंनी शिकवलेले एखादे गीत त्यांच्यापाशी बसून म्हणा. काकूंनाही बोलवा, त्या बसतील. आई भिंतीकडे पाहत राहिली तरी गीत पुरे होऊ द्या. आणि पाहुण्या आल्या म्हणून चहा टाकायला तुम्ही उठू नका. त्यांच्यापैकी एकीला स्वयंपाकघर दाखवा आणि त्या अर्ध्या तासात आईच्या शेजारी पाय लांब करून बसा.

तुमचा,
प्रभूमध्ये बंधू